प्रौढ विद्यार्थी वर्गात टिकतो कसा?

प्रतिनिधी, नाशिक

शाळकरी मूल कंटाळले तरी दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन शाळेत हजर होते, कारण त्याला घरातून पाठविणारे कोणीतरी असते. प्रौढ विद्यार्थ्याला पाठविणारे कोणी नसते. शिकविणे रुचले नाही, अपमान झाला, वेळ जमेना किंवा डोके चालेना, तर तो भांडत नाही, तक्रार करीत नाही आणि राजीनामाही देत नाही. एका आठवड्यात तो येत नाही, पुढच्या आठवड्यातही येत नाही; हजेरीपटावर त्याचे नाव मात्र वर्षअखेरीपर्यंत राहते. प्रौढ शिक्षणाच्या कामातील सर्वांत मोठी अडचण हीच आहे. त्यामुळे अशा वर्गाच्या शिक्षकाला विषयाच्या जाणकारीखेरीज आणखी एक विद्या अवगत असावी लागते. आलेला माणूस पुन्हा यावा, ही ती विद्या.

नाशिकला या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ च्या जुलैत येथेच झाली आणि गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धन शिवारात त्याचे मुख्यालय उभे राहिले. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्यापूर्वी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेतलेल्या या विद्यापीठाकडे गृहिणी, गिरणी-कारखान्यांतील कामगार, पोलीस शिपाई, शेतकरी आणि दहावीनंतर शाळा सुटलेले असे नाना प्रकारचे विद्यार्थी आले. बारावी न झालेल्यांनाही पदवीची वाट मोकळी व्हावी, म्हणून पूर्वतयारी शिक्षणक्रम सुरू करण्यात आला आणि विद्यापीठाच्या सुरुवातीच्या दशकांत अनेकांनी त्या वाटेने प्रवेश घेतला. नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहातही विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र चालते.

या विद्यापीठाने शब्दही विचारपूर्वक निवडले. अभ्यासक्रमाऐवजी 'शिक्षणक्रम', गृहपाठाऐवजी 'स्वाध्याय' आणि शिक्षकाऐवजी 'संमंत्रक'. हे शब्द थोडे जड वाटतात, हे मान्य केले पाहिजे. प्रथमच ऐकणाऱ्याला 'संमंत्रक' म्हणजे कोणी मांत्रिक असावा, असे वाटले तर त्याचा दोष नाही. तथापि त्यामागील भूमिका स्पष्ट होती. पुस्तक स्वतःच शिकवील, विद्यार्थी स्वतःच वाचील आणि संमंत्रकाने अडलेल्या जागी हात द्यावयाचा. म्हणूनच तेथील पुस्तकांत आरंभी उद्दिष्टे, मग छोटे छोटे घटक आणि मध्ये मध्ये विद्यार्थ्याने स्वतःला तपासून पाहावयाचे प्रश्न असतात. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी संमंत्रण सत्राचे रूपांतर पुन्हा व्याख्यानात होते. सुट्टीच्या दिवशी घरचे काम टाकून आलेल्या माणसाला पुस्तकातील मजकूरच तासभर वाचून दाखविला, तर पुढील सत्राला तो येणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

कोण कशासाठी येतो?

प्रौढ मनुष्य शिकावयास का येतो, याचा शोध अमेरिकेतील सिरिल हूल यांनी घेतला होता. शिक्षण चालू ठेवलेल्या २२ प्रौढांच्या सविस्तर मुलाखती घेऊन त्यांनी १९६१ मध्ये आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. त्यांना तीन प्रकारचे विद्यार्थी आढळले. काही जण ठरावीक उद्दिष्टासाठी येतात, काहींना एकत्र येण्यात व काही करीत राहण्यात रस असतो, आणि काहींना ज्ञानाचीच ओढ असते. ही विभागणी २२ माणसांवरून केलेली आहे, हे लक्षात ठेवूनही ती शिक्षकाला उपयोगी पडते. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार बढतीसाठी पदवीला बसला असेल, तर त्याला परीक्षेचा नमुना, गुणांची विभागणी आणि वेळापत्रक पहिल्याच दिवशी हवे असते. मुले मोठी झाल्यावर नाव नोंदविणाऱ्या गृहिणीला त्याच वर्गात चार मैत्रिणी मिळाल्या, तर ती तीन वर्षे टिकते. निवृत्तीनंतर इतिहास वाचावयास आलेल्या गृहस्थांना गुणांशी फारसे कर्तव्य नसते. त्यांना वाद घालावयाचा असतो. तिघांना एकच भाषण दिल्यास दोघे तरी निराश होतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाला 'आपण कशासाठी आलात?' हे विचारून उत्तर वहीत टिपून ठेवणे, हा याला सोपा उपाय आहे. दोन महिन्यांनी तो मनुष्य डळमळू लागला की तीच वही कामास येते.

प्रौढांच्या शिक्षणशास्त्राची वेगळी मांडणी करणारे माल्कम नोल्स यांचे नाव या विषयात नेहमी घेतले जाते. प्रौढाला स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याची सवय असते, त्याच्यापाशी अनुभवाची शिदोरी असते आणि आज शिकलेले उद्या वापरता यावे, अशी त्याची अपेक्षा असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९७० मधील आपल्या ग्रंथाच्या उपशीर्षकात त्यांनी बालशिक्षण आणि प्रौढशिक्षण ही एकमेकांच्या विरोधात उभी केली होती; १९८० च्या आवृत्तीत मात्र त्यांनी ते बदलून एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा प्रवास असे रूप दिले. हा बदल महत्त्वाचा आहे. नवखा प्रौढ विद्यार्थी सुरुवातीला मुलासारखाच शिक्षकावर अवलंबून राहू इच्छितो. 'तुम्हीच ठरवा काय शिकायचे ते' असे त्याला पहिल्या दिवशी सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला गोदावरीच्या पात्रात सोडून देणे होय. स्वातंत्र्य हळूहळू द्यावे लागते.

लाज

प्रौढ विद्यार्थ्याच्या मनातील सर्वांत मोठा अडसर बुद्धीचा नसतो, लाजेचा असतो. मुलगा चुकला तर वर्ग हसतो आणि विसरतो. सून, नातू, हाताखालचा कामगार किंवा गावातील भावकी ज्या वर्गात बसलेली आहे, तेथे पन्नाशीच्या माणसाची चूक गावात फिरते. महाराष्ट्राने याचा मोठा अनुभव एमएस-सीआयटीच्या निमित्ताने घेतला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतर संगणक साक्षरतेचा हा शिक्षणक्रम राज्यभर पसरला. शासकीय कर्मचाऱ्यांना संगणक अर्हता बंधनकारक झाली. ती मुदतीत न मिळविल्यास वेतनवाढ रोखण्याची तरतूदही आली. मग तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिलेले गुरुजी विशी-बाविशीच्या प्रशिक्षकासमोर माऊस हातात धरून बसले. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्यांना स्वतःची चूक पडद्यावर सर्वांसमोर दिसू लागली. अशा वेळी 'सोपं आहे हो, सर' हे वाक्य धीर देण्यासाठी उच्चारले जाते आणि नेमका उलटा परिणाम करते. सोपे असूनही जमले नाही, असाच अर्थ समोरचा घेतो. 'हे पहिल्यांदा सगळ्यांनाच अवघड जाते' असे म्हणणे अधिक खरे आणि अधिक उपयोगी असते.

संबोधनही येथे लहान गोष्ट नाही. वयाने मोठ्या स्त्रीला हजेरी घेताना नुसत्या नावाने हाक मारणे आपल्याकडे खपत नाही. ताई, मावशी, आजी, दादा, काका ही संबोधने आणि 'अहो-जाहो' ही वर्गातील शिस्तीच्या आड येत नाहीत. तीच गोष्ट बोलीची. नाशिक जिल्ह्यात बागलाण, कळवण, देवळा आणि मालेगाव भागात अहिराणी बोलली जाते; सुरगाणा-पेठ पट्ट्यात कोकणा समाजाची स्वतंत्र बोली आहे; मालेगाव शहरात उर्दू आहे. प्रमाण मराठीत न बोलणाऱ्याचे पहिलेच वाक्य शिक्षकाने 'शुद्ध' करून दिले, की तो माणूस पुढे महिनाभर तोंड उघडत नाही. लेखन प्रमाण भाषेत शिकवावे, बोलण्याला मोकळीक द्यावी. दोन्ही एकाच तासात जमण्याजोगे आहे.

लाल शाईचा मुद्दाही याच सदरात येतो. वीस वर्षांनी हातात लेखणी धरलेल्या माणसाचा पहिला स्वाध्याय लाल रेघोट्यांनी भरून परत आला, तर तो कपाटात ठेवला जातो आणि दुसरा लिहिला जात नाही. पहिल्या स्वाध्यायावर दोनच सूचना द्याव्यात, एक चांगल्या जागेबद्दल आणि एक सुधारण्याबद्दल; तो आठवड्याभरात परत करावा. तीन महिन्यांनी परत आलेल्या स्वाध्यायावर कितीही सुंदर अभिप्राय असला, तरी तोपर्यंत विद्यार्थ्याला आपण काय लिहिले होते याचाच विसर पडलेला असतो.

फांगण्याच्या आजीबाई

लाजेवर मात कशी करता येते, याचे प्रसिद्ध उदाहरण ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात आहे. फांगणे या लहानशा गावात ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साह्याने ती उभी केली. गावात शिवचरित्राचे वाचन चालू असताना 'आम्हालाही वाचता आले असते तर' अशी इच्छा आजींनी बोलून दाखविली, तेथून ही कल्पना निघाली. साठ ते नव्वद वयाच्या सुमारे तीस आजी गुलाबी साडीच्या गणवेशात, पाठीला दप्तर अडकवून दुपारी दोन ते चार या वेळात शाळेत बसू लागल्या.

वृत्तपत्रांनी त्यातील गुलाबी साडीचे कौतुक पुष्कळ केले. शिक्षकाने त्यापलीकडील काही गोष्टी पाहाव्यात. शाळा आजींच्या बोलून दाखविलेल्या इच्छेतून निघाली, वरून आलेल्या लक्ष्यांकातून नाही. वेळ दुपारची ठेवली, म्हणजे सकाळचे घरकाम आणि संध्याकाळची चूल यांच्या मधली. सगळ्या समवयस्क असल्याने कोणी कोणाला हसावयाचे कारण उरले नाही. आणि गणवेशामुळे शाळेत जाणे ही लपवावयाची गोष्ट न राहता गावाने पाहावयाची गोष्ट झाली. येथे परीक्षा, नोकरी, बढती यांपैकी काहीच नाही; तरी मरण्यापूर्वी आपले नाव आपल्या हाताने लिहावे, ही इच्छा पुरेशी ठरली.

तसे पाहता महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी व कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसभर राबणाऱ्याला रात्रीच वेळ असतो, हे त्यांनी ओळखले होते. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने दुसरी युक्ती योजली. एकेका व्यक्तीऐवजी सबंध गावाने साक्षर होण्याचा संकल्प करावयाचा आणि तो पुरा झाल्यावर ग्रामगौरव समारंभ करावयाचा. गावाची इभ्रत पणाला लागल्याने निरक्षर माणूस एकटा पडत नसे. मोहीम पुढे राज्यभर पसरली. तथापि समारंभ झाल्यानंतर वाचावयास काही हाती न राहिल्याने अनेक जण पुन्हा अक्षरे विसरले, ही तिची दुखरी बाजू होती. उत्साह आणणे आणि तो टिकविणे ही दोन निराळी कामे आहेत.

पहिला धडा कोणता?

निरक्षर प्रौढांच्या वर्गात 'कमळ', 'बदक' यांनी सुरुवात केली, की बाराखडी शिकविण्याची सोय होते. पण कांद्याच्या भावावर संसार चालविणाऱ्या माणसाला बदकाचे काय करावयाचे? ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये आंगिकोस या गावी सुमारे ३०० प्रौढांसाठी ४० तासांचा साक्षरता वर्ग चालविला, तो या प्रश्नाचे उत्तर म्हणून जगभर गाजला. ते आधी लोकांच्या बोलण्यातील जिव्हाळ्याचे शब्द गोळा करीत, त्यांवर चर्चा घडवीत आणि मग तो शब्द फोडून अक्षरे शिकवीत. त्यांचा प्रसिद्ध शब्द 'तिजोलो' म्हणजे वीट. त्यातून ति, जो, लो ही अक्षरे आणि मग त-ते-ति, ज-जे-जि अशी त्यांची कुटुंबे निघत. मराठी वाचकाला यात आपली बाराखडी सहज ओळखू येईल.

हीच रीत नाशिककडे लावावयाची तर 'पाणी' हा शब्द उत्तम आहे. 'मजुरी', 'विमा', 'सातबारा' हेही चांगले. 'द्राक्ष' हा शब्द मात्र जिल्ह्याचा लाडका असूनही पहिल्या महिन्यात फळ्यावर आणू नये. त्यात दोन जोडाक्षरे आहेत, आणि पहिल्याच आठवड्यात 'क्ष' समोर आला तर चांगला उमेदवारही घाबरतो. एसटीच्या पाट्या हे आणखी एक हाताशी असलेले क्रमिक पुस्तक होय. 'पेठ', 'हरसूल', 'सुरगाणा' ही गावे रोज ऐकलेली असतात. पाटी वाचून गाडीत बसता आले, की शिकण्याचा लाभ त्याच दिवशी पदरात पडतो.

गणिताच्या बाबतीत तर प्रौढ कोरी पाटी नसतोच. भाजी विकणारी बाई पाव किलोचा हिशेब शिक्षकापेक्षा लवकर तोंडी करते. मोबाइलमुळे बहुतेकांना रोमन लिपीतील आकड्यांची ओळख झालेली असते, देवनागरी आकडे मात्र अडतात. तेव्हा 'एक ते शंभर लिहा' येथून आरंभ करण्याऐवजी तिचाच तोंडी हिशेब कागदावर मांडून दाखवावा. आपल्याला काही येत होते, फक्त लिहिता येत नव्हते, हे कळणे ही मोठी चालना असते. खिशातील नोटही उपयोगी पडते. तिच्या मागील बाजूस पंधरा भाषांत किंमत छापलेली असते. त्यातील मराठी ओळ शोधावयास सांगितली, की वर्ग नोटांवर तुटून पडतो. नाशिकरोडच्या छापखान्याशी नातेवाईकामार्फत संबंध असलेले कोणी वर्गात असेल तर गप्पा लांबतात, त्या लांबू द्याव्यात.

सही शिकविण्याबाबत मात्र सावध असावे. अंगठा जाऊन सही आली, की मनुष्य हरखतो आणि तेवढ्यावर थांबतो. ती सही पुष्कळदा चित्रासारखी गिरवून पाठ केलेली असते. त्याच नावातील एक अक्षर वेगळे काढून दाखविल्यास ओळखता येत नाही. म्हणून नाव शिकवून झाल्यावर त्याच दिवशी त्यातील अक्षरांनी दुसरा शब्द बनवून घ्यावा.

एक साधी बाब पुष्कळ वर्गांत निसटते. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते. 'अक्षर लक्षात राहात नाही' ही तक्रार अनेकदा स्मरणशक्तीची नसून चष्म्याची असते. वर्गाच्या पहिल्या आठवड्यात डोळ्यांची तपासणी करून घेतली, तर काही गळती तेथेच थांबते. विळा-कोयत्याची सवय असलेल्या बोटांना बारीक पेन्सिल धरवत नाही, तेव्हा पाटी आणि जाड खडू बरा.

प्रगती दिसली पाहिजे

१९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले, तेव्हा तीन प्रवेशिकांची नवी पद्धत आणली गेली. प्रत्येक पुस्तिकेतच सराव आणि चाचण्या घातलेल्या असत. आपण कोठवर आलो, हे शिकणाऱ्याला स्वतःलाच कळे. त्याआधीच्या, १९७८ च्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमात साधारण ३० जणांचे केंद्र सुमारे दहा महिने चाले, आणि इतक्या लांब पल्ल्यात मध्ये मुक्कामच नसल्याने लोक वाटेत गळत. छोटे टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर काही हाती लागणे, हा धडा त्यातून घेतला गेला. २०२२ ते २०२७ या काळासाठी केंद्र सरकारने आखलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच 'उल्लास', १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी असून तो स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. त्याच्या शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी ५० गुणांची परीक्षा असते. परीक्षेची भीती वाटणाऱ्यांसाठी तिची रंगीत तालीम आधी दोनदा तरी घ्यावी; प्रश्नपत्रिकेचा कागद अनोळखी वाटू नये एवढाच तिचा हेतू.

स्वयंसेवकाचे काय, हा प्रश्न उरतोच. १९७८ च्या कार्यक्रमात केंद्रचालकाला महिना ५० रुपये मानधन होते. 'उल्लास'मध्ये सेवाभावावर भिस्त आहे. शिकविणाऱ्याचा उत्साह मावळला की वर्गाचा मावळण्यास वेळ लागत नाही, आणि याचा विचार योजना आखणाऱ्यांनी नेहमीच कमी केलेला आहे. परिसरातील चार-पाच स्वयंसेवकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून आपापल्या अडचणी सांगितल्या, तरी बराच आधार होतो. गैरहजर राहिलेल्याला दुसऱ्याच आठवड्यात दूरध्वनी करणे किंवा शेजारच्या विद्यार्थ्याकरवी निरोप धाडणे, हे कामही मग वाटून घेता येते. तीन आठवडे उलटल्यावर निरोप पाठविला, तर परतण्याचीच लाज वाटू लागलेली असते.

वेळापत्रक आणि पंचांग

राहता राहिला वेळेचा प्रश्न. नाशिक जिल्ह्यात सर्वांसाठी एकच वेळापत्रक लावणे हे वर्ग बंद पाडण्याचे खात्रीचे साधन आहे. औद्योगिक वसाहतीतील कामगाराची पाळी दर आठवड्याला बदलते; त्याच्यासाठी एकच सत्र सकाळी आणि संध्याकाळी असे दोनदा घ्यावे लागते. मालेगावच्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात आणि सुट्टी शुक्रवारी असते. तेथे रविवारच्या सत्राला रिकाम्या बाकांखेरीज कोण येणार? निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात एप्रिलमधील खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमधील गोडी छाटणी आणि जानेवारीपासूनची काढणी या काळात बागाईतदारालाही उसंत नसते आणि मजुरालाही नसते. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबे भात-नागलीची कापणी उरकली की याच बागांवर मजुरीसाठी उतरतात. दिवाळीनंतर त्यांच्या गावी वर्ग भरविणारा शिक्षक म्हाताऱ्या माणसांना आणि शेळ्यांनाच शिकवील. तेथे भाताची आवणी जुलैअखेर संपल्यानंतरचे सहा-सात आठवडे मिळतात. बाहेर पाऊस असतो, माणसे घरी असतात. तेवढ्यात पहिली प्रवेशिका पुरी करावी आणि कुटुंब बागेवर निघाले की दुसरी त्यांच्या गाठोड्यात द्यावी. दिंडोरीतील एखाद्या स्वयंसेवकाला त्यांच्या मुक्कामाचा पत्ता आधीच कळविलेला असला, म्हणजे वर्ग द्राक्षबागेच्या बांधावर पुन्हा भरविता येतो.